बर्फ, हवा आणि रंगीत पट्टे : कलावंत आणि शास्त्रज्ञ एकत्र येतात तेव्हा

२०१५ च्या डिसेंबरमध्ये पॅरिसमधील पँथिऑन या ऐतिहासिक वास्तूसमोरच्या चौकात बर्फाचे बारा मोठे तुकडे मांडले गेले. मांडणी घड्याळाच्या तबकडीसारखी गोल होती. हा बर्फ कारखान्यातला नव्हता. ग्रीनलँडच्या मुख्य हिमथरापासून तुटून नूक शहराजवळच्या समुद्राच्या खाडीत तरंगत असलेले तुकडे उचलून, जहाजाने आणि मग ट्रकने पॅरिसला आणले होते. त्याच दिवसांत त्याच शहरात जगभरातील सरकारांचे प्रतिनिधी हवामान बदलावरच्या परिषदेसाठी जमले होते. पुढे पॅरिस करार म्हणून ओळखला जाणारा करार त्याच परिषदेत झाला.

लोक त्या बर्फाला हात लावत होते, मिठी मारत होते, कान लावून ऐकत होते. जुना बर्फ वितळताना त्यात हजारो वर्षे दाबून राहिलेल्या हवेचे बुडबुडे फुटतात आणि बारीक तडतड असा आवाज येतो. शास्त्रज्ञ हेच बुडबुडे प्रयोगशाळेत तपासून त्या काळी हवेत कार्बन डायऑक्साइड किती होता ते सांगतात. पॅरिसच्या रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाने तीच हवा फुटताना स्वतःच्या कानांनी ऐकली.

'आइस वॉच' नावाचे हे काम दोघांचे. एक ओलाफुर एलियासन हे कलावंत आणि दुसरे मिनिक रोझिंग हे ग्रीनलँडमध्ये जन्मलेले भूगर्भशास्त्रज्ञ. पृथ्वीवरील जीवसृष्टीच्या अतिप्राचीन खुणा ग्रीनलँडच्या खडकांत शोधणारे संशोधक म्हणून रोझिंग यांचे नाव आहे. दोघांनी हा प्रयोग आधी २०१४ मध्ये कोपनहेगनला केला, मग पॅरिसला आणि २०१८ मध्ये लंडनला.

आपल्या वाचकांपैकी बरेच जण पथनाट्य करतात, पोस्टर रंगवतात, गाणी रचतात, मोर्च्यात उभे राहतात. पर्यावरणाचा प्रश्न आपल्या वस्त्यांपर्यंत उष्णतेच्या, पाण्याच्या आणि धुराच्या रूपाने रोज येतो. म्हणून कलावंत आणि शास्त्रज्ञ मिळून जगात जे काही करत आहेत, ते नेमके कसे चालते, त्यातले काय उपयोगी पडते आणि काय नुसते दिखाऊ ठरते, हे समजून घ्यायला हवे असे आम्हाला वाटते.

शास्त्रज्ञाला कलावंत कशाला लागतो?

शास्त्रज्ञाची भाषा सावध असते आणि ती तशीच असायला हवी. संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या सहाव्या अहवालात २०११ ते २०२० या दशकात पृथ्वीचे सरासरी तापमान १८५०–१९०० च्या तुलनेत सुमारे १.१ अंश सेल्सिअसने वाढल्याचे नोंदवले आहे. एक अंश म्हणजे किती? सकाळ आणि दुपार यांतच दहा-बारा अंशांचा फरक पडतो, मग या एका अंशाचे काय एवढे, असे कुणालाही वाटेल. आकडा बरोबर असतो, पण तो अंगाला लागत नाही.

इथे बहुतेक वेळा एक चूक होते. संशोधन पूर्ण झाले, अहवाल छापून झाला की शेवटी एखाद्या चित्रकाराला बोलावून सांगितले जाते की याचे छान चित्र काढून द्या. ही सजावट झाली. एकत्र काम करणे वेगळे. ब्रिटनमध्ये डेव्हिड बकलंड यांनी २००१ मध्ये 'केप फेअरवेल' हा उपक्रम सुरू केला आणि २००३ पासून कलावंत, लेखक, संगीतकार आणि सागरशास्त्रज्ञांना एकाच शिडाच्या जहाजातून आर्क्टिकला नेले. शास्त्रज्ञ पाण्याचे तापमान आणि खारटपणा मोजत असताना कलावंत शेजारी उभे. कोणाला काय सुचेल हे आधी ठरलेले नव्हते. इयन मॅक्इवन हे कादंबरीकार अशाच एका सफरीला गेले आणि पुढे २०१० मध्ये त्यांनी हवामान बदलावर विनोदी कादंबरी लिहिली. तिचा नायक एक लबाड शास्त्रज्ञ आहे. शास्त्रज्ञांबरोबर प्रवास करून आलेल्या लेखकाने त्यांची स्तुतीच केली पाहिजे असा नियम कुणी घातला नव्हता, हे आम्हाला त्यातले सर्वात चांगले वाटते.

गोधडीसारखे पट्टे

काही वेळा शास्त्रज्ञ स्वतःच सुई-दोरा हातात घेतात. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठातल्या हवामानशास्त्रज्ञ एली हायवूड यांनी एक लोकरी पांघरूण विणले. त्यातला प्रत्येक पट्टा एका वर्षाच्या तापमानाचा, थंड वर्षाला थंड रंग आणि उष्ण वर्षाला उष्ण रंग. त्याच विद्यापीठातील एड हॉकिन्स यांनी २०१८ मध्ये ही कल्पना संगणकावर नेली. एकामागून एक उभे पट्टे, प्रत्येक पट्टा एक वर्ष, सरासरीपेक्षा थंड असेल तर निळा, उष्ण असेल तर लाल. कुठेही आकडा नाही, अक्ष नाही, एक शब्द नाही. डावीकडे निळे, मध्ये मिसळलेले आणि उजवीकडे गडद लाल होत जाणारे हे चित्र आज टी-शर्टवर, गळपट्ट्यांवर, इमारतींच्या भिंतींवर दिसते. निरनिराळ्या देशांचे पट्टे इंटरनेटवर विनामूल्य मिळतात. त्यात भारताचेही आहेत.

जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवणाऱ्या आपल्या आया-आज्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. कोणता तुकडा कोणत्या वर्षीचा हे त्यांना न लिहिताच आठवते.

पण या पट्ट्यांत एक गोष्ट दिसत नाही आणि ती आपल्या दृष्टीने मोठी आहे. पट्टा सरासरीचा असतो. एखाद्या जिल्ह्याचे तापमान ४५ अंश असेल तर ते सगळ्यांसाठी ४५ अंशच नोंदवले जाते. वातानुकूलित कचेरीत बसलेल्याला तो आकडा बातमीत वाचायला मिळतो. डांबर ओतणाऱ्या, वीटभट्टीवर राबणाऱ्या, कचरा वेचणाऱ्या, पत्र्याच्या छपराखाली स्वयंपाक करणाऱ्या माणसाला तो अंगावर घ्यावा लागतो. कुणी हवा तापवली आणि कुणाला ती भोगावी लागते, हे लाल-निळे पट्टे सांगत नाहीत. भारतात कोणते काम कोणाच्या वाट्याला आले याला जातीचा इतिहास आहे, त्यामुळे उष्णता कोणाच्या वाट्याला येते यालाही तो इतिहास चिकटतोच. पट्ट्यांचा हा दोष नव्हे. ते जगाचे चित्र म्हणून काढले आहेत. वस्तीचे चित्र आपल्याला वेगळे काढावे लागेल.

हवेचे फोटो

वस्तीचे चित्र कसे काढता येईल याचा एक नमुना आधीच तयार आहे आणि त्यातले एक महत्त्वाचे पान भारतातले आहे.

रॉबिन प्राइस हे छायाचित्रकार आणि बर्मिंगहॅम विद्यापीठातले वायुप्रदूषणाचे अभ्यासक फ्रान्सिस पोप यांनी मिळून 'एअर ऑफ द अँथ्रोपोसीन' नावाचा प्रकल्प केला. हवेतले सर्वात घातक कण डोळ्यांना दिसत नाहीत. पीएम २.५ म्हणतात ते कण केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढे असतात, फुप्फुसात खोलवर जातात आणि तिथून रक्तात उतरतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टीचा फोटो काढायचा कसा, हा प्रश्न होता.

युक्ती साधी आहे. कमी खर्चाचा एक सेन्सर हवेतले कण मोजतो. तो एलईडी दिव्यांच्या एका पट्टीला जोडलेला असतो. हवेत कण जितके जास्त, तितक्या जास्त वेळा दिवे लुकलुकतात. अंधार पडल्यावर कॅमेरा तिकाटण्यावर लावून शटर बराच वेळ उघडे ठेवायचे आणि कलावंताने ती पट्टी हातात धरून कॅमेऱ्यासमोरून चालत जायचे. चालणारा माणूस सतत हलत असल्याने फोटोत उमटत नाही. दिव्यांचे ठिपके मात्र उमटतात. स्वच्छ हवेत तुरळक ठिपके, खराब हवेत ठिपक्यांची दाट भिंत. शास्त्रज्ञाचे मोजमाप आणि कलावंताचे चित्र इथे एकाच वस्तूत आहे, त्यातले एक काढून घेतले तर दुसरे उरत नाही.

या दोघांनी भारत, इथिओपिया आणि ब्रिटनमध्ये असे फोटो काढले. भारतातली एक जोडी लक्षात राहण्यासारखी आहे. मुलांच्या खेळण्याची दोन मैदाने, एक दिल्लीतले आणि एक सुमारे ५०० किलोमीटर दूर हिमाचलमधल्या पालमपूरचे. दिल्लीच्या मैदानातले पीएम २.५ चे प्रमाण पालमपूरच्या बारापटीहून जास्त निघाले. दोन्ही फोटो खेळाच्या मैदानांचेच आहेत. दिल्लीचा फोटो ठिपक्यांत बुडाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक मर्यादेनुसार २४ तासांची सरासरी १५ मायक्रोग्रॅम प्रति घनमीटरच्या वर जाऊ नये. भारताची मर्यादा ६० आहे. हे दोन आकडे कुणाला सांगितले तर तो मान हलवेल. दोन मैदानांचे फोटो शेजारी ठेवले तर आपले पोर कोणत्या मैदानात खेळते हे तो आधी विचारेल.

इथिओपियातला फोटो आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटतो. तो रस्त्याचा नाही, स्वयंपाकघराचा आहे. लाकूडफाटा जाळणाऱ्या चुलीमुळे त्या खोलीतले कणांचे प्रमाण बाहेरच्या हवेच्या वीसपटीपर्यंत गेले होते. प्रदूषण म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चिमणी आणि मोटारी येतात. धुरात बसून भाकरी थापणारी बाई येत नाही. तिचा खोकला मोजलाच जात नाही, कारण सरकारी मोजणी केंद्र तिच्या घरात नसते.

चुलीतून, वीटभट्टीतून, डिझेलच्या धुरातून निघणारी काजळी आणखी एक काम करते. वाऱ्याबरोबर ती हिमालयापर्यंत पोहोचते आणि बर्फावर बसते. पांढरा बर्फ ऊन परतवतो, काजळलेला बर्फ ते शोषतो आणि लवकर वितळतो. मैदानातला धूर आणि डोंगरावरची हिमनदी यांचा संबंध असा थेट आहे.

भीती दाखवून माणूस बदलतो का?

आता एक अवघड प्रश्न. हे सगळे पाहून लोक खरोखर काही करतात का? नॉर्वेतील विद्यापीठात मानसशास्त्रज्ञांनी हे तपासायचे ठरवले. त्यांच्या प्रकल्पासाठी मायकेल पिन्स्की या कलावंताने २०१७ मध्ये ट्रॉन्डहाइम शहरात 'पोल्युशन पॉड्स' उभारले. एकमेकांना जोडलेले पाच घुमट आणि प्रत्येकात एकेका ठिकाणच्या हवेची नक्कल. नॉर्वेमधील तौत्रा हे स्वच्छ हवेचे बेट, लंडन, नवी दिल्ली, बीजिंग आणि साओ पावलो. (हवा खरी विषारी नव्हती, सुरक्षित द्रव्यांनी तसा वास आणि धूसरपणा आणला होता.) अडीच हजारांहून अधिक प्रेक्षकांना प्रश्न विचारले गेले. बाहेर पडताना पर्यावरणासाठी काही करण्याची लोकांची इच्छा थोडी वाढलेली दिसली. पण स्वतःचे उत्सर्जन मोजून बघण्याचे साधन दिल्यावर ते वापरण्यापर्यंत काही ही इच्छा पोहोचली नाही.

याच गटातील संशोधकांनी २०१५ च्या पॅरिस परिषदेच्या वेळी शहरभर मांडलेल्या ३७ कलाकृतींवर ८७४ प्रेक्षकांच्या प्रतिक्रिया घेतल्या. त्यांतून त्यांना चार गट दिसले. काही कलाकृती नुसत्या दिलासा देणाऱ्या, काही विनाशाचे चित्र दाखवून हादरवणाऱ्या, काही धड ना इकडच्या ना तिकडच्या. चौथ्या गटातल्या कलाकृती सुंदर होत्या आणि त्या प्रश्नावरचा एखादा मार्गही दाखवत होत्या. लोकांना सर्वाधिक हलवले ते या चौथ्या गटाने. ३७ पैकी अशा फक्त तीन होत्या.

याचा अर्थ हादरवणारी कला वाईट असा आम्ही काढत नाही. ज्याला प्रश्नच माहीत नाही त्याला हादरवावे लागते. पॅरिसच्या चौकात बर्फ ठेवण्याला अर्थ होता, कारण तिथल्या माणसाने ग्रीनलँड पाहिलेले नसते. पण ज्याच्या विहिरीला मार्चमध्येच तळ लागतो त्याला आणखी एका भयाण चित्राची गरज नसते. आणि बर्फ पॅरिसला नेण्याची किंमतही होतीच. त्या मांडणीमुळे सुमारे ३० टन कार्बन डायऑक्साइडएवढे उत्सर्जन झाले, म्हणजे साधारण तीस माणसांनी पॅरिसहून विमानाने ग्रीनलँडला जाऊन येण्याएवढे. ते लपवले गेले नाही, हिशोब करून जाहीर केला गेला. आपल्याकडच्या पर्यावरण महोत्सवांनी फ्लेक्स आणि जनरेटरचा असा हिशोब द्यायला सुरुवात केली तर बरे होईल.

लडाखचा बर्फाचा स्तूप

सुंदर आणि मार्ग दाखवणारी गोष्ट शोधायची तर ती आपल्याच देशात, लडाखमध्ये आहे. तिच्यात व्यावसायिक चित्रकार किंवा शिल्पकार कुणी नाही. तरीही आमच्या मते कला आणि विज्ञान एकजीव होण्याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

लेहमध्ये वर्षभरात साधारण १०० मिलिमीटर पाऊस-बर्फ पडतो. शेती हिमनद्यांच्या पाण्यावर. अडचण अशी की पेरणीसाठी पाणी एप्रिल-मेमध्ये लागते आणि उंचावरच्या हिमनद्या भरपूर वितळू लागतात जूनपासून. हिवाळ्यात मात्र ओढ्याचे पाणी कुणाच्याच उपयोगी न पडता वाहून जाते. चेवांग नोर्फेल या स्थापत्य अभियंत्याने १९८७ पासून ओढ्यांचे पाणी सावलीच्या उतारांवर अडवून कृत्रिम हिमनद्या तयार केल्या. २०१५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पण असा आडवा पसरलेला बर्फ टिकण्यासाठी गावापासून दूर, उंच आणि सावलीची जागा लागते.

सोनम वांगचुक या अभियंत्याने आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी २०१३-१४ च्या हिवाळ्यात हाच बर्फ उभा केला. वरच्या अंगाच्या ओढ्यातून पाणी जमिनीखालच्या पाइपने गावाजवळ आणायचे. उतारामुळे पाण्याला दाब मिळतो, पंप लागत नाही, वीज लागत नाही. उभ्या पाइपच्या टोकातून ते रात्रीच्या कडाक्याच्या थंडीत कारंज्यासारखे उडते आणि खाली पडता पडता गोठते. थरावर थर चढून शंकू तयार होतो. शंकूच का? तेवढाच बर्फ जमिनीवर पसरला तर त्याचा मोठा पृष्ठभाग उन्हाला सापडतो, शंकूत तो कमी सापडतो. म्हणून गावाच्या उंचीवर, भर उन्हातही हा बर्फ बराच काळ टिकतो. पहिला नमुना सुमारे दीड लाख लिटर पाण्याचा होता आणि तो १८ मे पर्यंत टिकला. पुढच्या वर्षी फ्यांग येथे सुमारे २० मीटर उंचीचा उभारला गेला. तो जुलैच्या सुरुवातीपर्यंत राहिला आणि त्याच्या पाण्यावर गावकऱ्यांनी लावलेली पाच हजार रोपे जगली.

भूमितीने दिलेला आकार लडाखच्या लोकांनी ओळखला. त्यांच्या प्रत्येक गावाच्या वेशीवर असा आकार आहे. त्याला बर्फाचा स्तूप म्हटले गेले. त्यावर पताका बांधल्या गेल्या, फ्यांग मठाने आणि द्रिकुंग परंपरेच्या चेत्सांग रिन्पोचे यांनी या कामाला हात दिला. 'कृत्रिम जलसंचय प्रकल्प क्रमांक अमुक' असे नाव असते तर रात्री शून्याखाली वीस अंशांत गोठलेला पाइप मोकळा करायला किती तरुण उठून गेले असते? नाव आणि रूप यांनी इथे तांत्रिक कामाइतकेच काम केले आहे. पुढे गावागावांत स्तूप उभारण्याच्या स्पर्धाही झाल्या.

शास्त्रज्ञ इथे नंतरही आले आणि ते चांगले झाले. स्वित्झर्लंडमधील फ्रिबोर्ग विद्यापीठाच्या संशोधकांनी लडाखमधल्या आणि स्वित्झर्लंडमधल्या अशा स्तूपांची मोजणी करून तुलना केली. कोरड्या आणि जास्त थंड हवेमुळे लडाखमध्ये स्तूप मोठा होतो हे त्यातून स्पष्ट झाले. कारंज्यातून उडवलेल्या पाण्याचा मोठा भाग गोठतच नाही, वाहून जातो, हेही कळले. पाणी कधी सोडायचे आणि कधी थांबवायचे याचा विचार त्यातून पुढे सुरू झाला. स्तूप हिमनदीला वाचवत नाही. हिवाळा पुरेसा थंड राहिला आणि ओढ्याला पाणी राहिले तरच तो उभा राहतो. वांगचुक हे स्वतःच सांगत आले आहेत, आणि २०२४ च्या मार्चमध्ये लडाखच्या घटनात्मक संरक्षणासाठी त्यांनी केलेले २१ दिवसांचे उपोषण त्याच धाग्याचे आहे. जमिनीचा निर्णय कुणी घ्यायचा हे ठरल्याशिवाय पाण्याचा प्रश्न सुटत नाही.

आपल्या हाताशी काय आहे?

आपल्या चळवळीला कला ही नवी गोष्ट नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या शाहिरांचे आंबेडकरी जलसे गावोगाव फिरले. गावात पाणी कोण भरू देत नाही, मेलेले ढोर कोणी ओढायचे, हे त्या जलशांत ऐकणाऱ्याच्या स्वतःच्या जगण्यातून आलेले असे. नॉर्वेच्या संशोधकांना २०१५ मध्ये जे सापडले ते जलसाकारांना ठाऊक होते. प्रश्न सांगायचा आणि त्याच रात्री वाटही सांगायची.

त्यात आज मोजमापाची भर घालता येईल. आमची सूचना अशी. जिथे पाच-सहा तरुणांचा गट आहे, एखादा फोटो काढणारा आहे आणि जवळच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र शिकवणारे कुणी तयार आहे, तिथे हवेच्या फोटोंचा प्रयोग करून पाहावा. विहारासमोरचे पटांगण, डम्पिंग ग्राउंडची कडा, चुलीवर स्वयंपाक होणारे एखादे घर आणि शहरातली झाडांची कॉलनी, अशा चार जागा एकाच आठवड्यात. ज्यांच्या घरात फोटो काढायचा त्यांना आधी सगळे समजावून सांगावे, त्यांचे नाव-पत्ता छापू नये आणि प्रदर्शन पहिल्यांदा त्याच वस्तीत लावावे. सभागृहात नंतर.

उष्णतेसाठी याहूनही कमी लागते. एक साधा तापमापक पत्र्याच्या खोलीत, एक स्लॅबच्या खोलीत, एप्रिल ते जून रोज दुपारी तीन वाजता नोंद. तीन महिन्यांत नव्वदच्या वर नोंदी होतात. दोन गोधड्या शिवायला तेवढ्या पुरेत, एक पत्र्याची आणि एक स्लॅबची.

हवेच्या प्रयोगात एक तांत्रिक काळजी घ्यावी लागते. स्वस्त सेन्सर दमट हवेत पाण्याचे सूक्ष्म थेंबही कण म्हणून मोजतात आणि आकडा फुगवून दाखवतात. म्हणून सेन्सर आधी काही दिवस प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जवळच्या केंद्राशेजारी ठेवून दोन्हींचे आकडे ताडून घ्यावेत, आणि पावसाळा टाळावा. दिवाळीनंतर थंडी पडू लागली की सुरुवात करणे सोयीचे. हवा कोरडी असते, अंधार लवकर पडतो आणि धूर जमिनीलगत साचून राहतो, तोही याच महिन्यांत.